पडद्यामागची चांदी

पेटी होती, बासरी नव्हती. निळ्या मखमलीत तीन लांबट खाचा, तिन्ही रिकाम्या. समोर खुर्चीवर बसलेले वयस्कर गृहस्थ त्या खाचांकडे असे बघत होते, की इन्स्पेक्टर बाईंना दारातच आवाज बारीक करावासा वाटला. एरवी हा त्यांचा स्वभाव नव्हता.

वाद्यवृंदाच्या मॅनेजरने फोनवर "बासरी चोरीला गेली" एवढंच सांगितलं होतं आणि बाईंनी कपाळाला हात लावला होता. गाणं आणि मिक्सर यांतला फरक आपल्याला कळतो, यापलीकडे संगीतात त्यांचा काही दावा नव्हता. पण ही बासरी म्हणजे फ्लूट, धातूची, चाव्याचाव्यांची. आणि ती सोन्याची होती. मुलामा नव्हे, अख्खी सोन्याची, चाव्यांसकट. तिच्यापायी वाजवणाऱ्याचं खरं नाव लोक विसरून गेले होते. वाद्यवृंदात, वर्तमानपत्रांत, शेजारीपाजारी सगळीकडे ते सोनदादा.

आज संध्याकाळी सोनदादांचा निरोपाचा कार्यक्रम होता. त्यानंतर बासरी संग्रहालयात जायची होती, आणि त्याआधी दुपारी संग्रहालयाचा माणूस येऊन तिचं वजन करणार होता, सोन्याचा कस बघणार होता. तो यायच्या आतच बासरी गायब झाली.

"कपाट फोडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "किल्ली कुणाकुणाकडे असते?"

"एक माझ्याकडे. दुसरी हिच्या आईकडे असायची." सोनदादांनी शेजारी बसलेल्या मुलीकडे मान वळवली. "ती गेली याच वर्षी. तिचा जुडगा घरात कुठेतरी पडला असेल."

मुलगी चाळिशीच्या आसपासची, शाळेत लहान मुलांना गाणी शिकवणारी. खांद्याची कापडी पिशवी तिने मांडीवर घेतली होती. तिने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला.

"बासरी शेवटची कधी पाहिलीत?"

"सकाळी. तालीम झाली, पुसून कपाटात ठेवली. मग हिने डबा आणला. आम्ही तिघं कँटीनमध्ये जेवलो. ही, मी आणि आमचा दोन नंबर."

"हा दोन नंबर कोण?"

"माझ्या शेजारी बसून दुसरी बासरी वाजवतो. उद्यापासून एक नंबर होईल बिचारा."

"जेवताना कुणी उठलं होतं?"

"सगळेच उठत होते. पाणी आण, मीठ आण. मी काय पहारा देत होतो?"

बाईंनी विषय बदलला. घाबरलेल्या माणसाला त्याच्या आवडीचं विचारावं, तो हवं ते आपणच सांगतो, असा त्यांचा अनुभव होता.

"सोन्याचा आवाज खरंच वेगळा असतो का हो?"

सोनदादा ताठ बसले. "वेगळा म्हणजे? चांदी नुसती चमकते. सोनं बोलतं. चांदीचा सूर पुढे पुढे धावतो, सोन्याचा छातीत शिरतो. माझं हृदयाचं ऑपरेशन झालं, कित्येक महिने अंथरुणाला खिळलो होतो. उठल्यावर पहिल्यांदा बासरी हातात घेतली, तर पिसासारखी हलकी! मी हिच्या आईला म्हटलं, बघ, ताकद परत आली. ती वेडी रडायलाच लागली."

बोलता बोलता त्यांना धाप लागली. "बाळा, गोळी दे गं. तुझ्या पिशवीत असतात ना."

"नाहीयेत बाबा. खालच्या दुकानातून आणते." मुलगी उठली आणि पिशवी घेऊन बाहेर गेली.

बाईंनी पेटीतलं पुसायचं कापड उचललं. पांढऱ्या मऊ कापडावर ठिकठिकाणी काळे डाग होते.

"मुलगीही वाजवते का?"

"वाजवायची." सोनदादांचा आवाज उतरला. "इथल्या जागेसाठी निवडीला बसली होती. आमच्याकडे निवड पडद्यामागून होते. परीक्षकाला माणूस दिसत नाही, कोण आहे ते कळत नाही, नुसतं ऐकायचं. पहिल्या ओळीतच मी ओळखलं, चांदी. आवाजाला वजन नाही. मी नको म्हटलं, आणि माझ्यापुढे बोलणार कोण? पडदा बाजूला झाला तेव्हा कळलं की ही. त्यानंतर तिने बासरी सोडलीच."

"बाकीच्या उमेदवारांच्या बासऱ्या कशाच्या होत्या?"

"ते आता कोण लक्षात ठेवतं?"

दोन नंबर शेजारच्या खोलीत होता. गोलमटोल, हसरा गडी, पण आज हसू कुठे ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. त्याचीही बासरी सोन्याची होती. तिचं कापड बाईंनी मागून घेतलं. ते वापरून मऊ झालेलं, पण स्वच्छ होतं.

"तुमच्यावर संशय येणार, कल्पना आहे ना?"

"मला कशाला हवी हो त्यांची? माझीच सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. नोकरी लागली आणि दादा हात धुऊन मागे लागले, सोन्याची घे, सोन्याची घे. शेवटी घेतली."

"निवडीच्या वेळी ही नव्हती?"

"छे! तेव्हा वडिलांनी दिलेली चांदीची होती."

"मग सोन्याने आवाजात किती फरक पडला?"

त्याने दाराकडे बघून घेतलं. "फोटोत पडला. दादांना सांगू नका."

तिथून बाई थेट बासऱ्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानात गेल्या. सोनदादांच्या तरुणपणापासूनचा मित्र. टेबलावर चिमटे, छोट्या कानशी, नळ्यांचे तुकडे. बाईंनी ते डागाळलेलं कापड त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याच्या हातातली कानस तशीच राहिली.

"दादांची बासरी सफाईला तुमच्याकडेच येते ना?"

"दर वर्षी. वहिनी स्वतः घेऊन यायच्या. दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही कधी."

"या वर्षी?"

"या वर्षी वहिनीच नाहीत."

"एक सांगा. सोनं पुसलं तर कापड काळं होतं?"

 कारागिराने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि बोलायला लागला, तो बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हाच थांबला.

बाई परत आल्या त्या त्याला बरोबर घेऊनच. संग्रहालयाच्या माणसाला मॅनेजरने चहाला बसवून ठेवलं होतं. खोलीत सोनदादा, त्यांची मुलगी, दोन नंबर आणि कारागीर एवढेच उरले. बाईंनी आतून कडी लावली.

"चोराला किल्ली सापडली," त्या म्हणाल्या, "आणि त्याने पेटी नेली नाही. पेटी जागेवर दिसली की कपाट उघडलं तरी कुणी लगेच शंका घेणार नाही, एवढाच त्यातला हेतू. पण मला प्रश्न पडला तो दिवसाचा. बासरी इतकी वर्षं याच कपाटात राहते. ती आजच का जावी? आज निराळं काय होतं? आज तिचं वजन होणार होतं. चोराला बासरी नको होती. त्याला ते वजन होऊ द्यायचं नव्हतं."

"म्हणजे?" सोनदादांनी विचारलं.

"दादा, महिनोन् महिने अंथरुणात काढलेल्या माणसाला उठल्यावर पाण्याचा तांब्याही जड लागतो. तुम्हाला बासरी हलकी लागली. तुमची ताकद परत आली नव्हती, बासरीच हलकी झाली होती. सोन्यापेक्षा चांदी हलकी असते. हे कापड बघा. सोन्याने कापड काळं होत नाही, चांदीने होतं. वरचा मुलामा बोटांखाली झिजतो आणि आतली चांदी उघडी पडते. तुमच्या पत्नी दर वर्षी न चुकता बासरी सफाईला न्यायच्या, ती सफाई म्हणजे नवा मुलामा. या वर्षी न्यायला कुणी नव्हतं."

सोनदादांनी कारागिराकडे पाहिलं. त्याला बोलणं भाग पडलं.

"पैशांवाचून तुझं ऑपरेशन अडलं होतं, दादा. वहिनी बासरी घेऊन आल्या. म्हणाल्या, ही मोडा आणि चांदीची, वर सोन्याचा मुलामा देऊन, हुबेहूब दुसरी करा. मी नाही म्हणत होतो. त्या म्हणाल्या, ते जगले तर वाजवतील ना? तोंडाचं भोक मी जुन्याच्या मापाने घासलं, केसाचा फरक ठेवला नाही. आवाज तिथे असतो, त्या कडेत. आणि तुझ्या ओठांत. नळी कशाची आहे ते आतल्या हवेला कुठे माहीत असतं?"

"मॅनेजर म्हणाला होता, ऑपरेशनचा खर्च वाद्यवृंदाने केला."

"तसं सांगायला वहिनींनीच लावलं होतं त्याला."

 बाई मुलीकडे वळल्या.

"जुडगा तुमच्याकडे आला. मीठ आणायला उठलात तेव्हा काम झालं. दादांच्या गोळ्या तुमच्या पिशवीत असतात, पण दुपारी माझ्यासमोर ती उघडता येईना, म्हणून तुम्ही विकत आणायला गेलात. खरं ना?"

मुलीने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून आधी बाजूला ठेवली. मग ओढणीत गुंडाळलेले तीन तुकडे काढून एकेक करून खाचांत बसवले.

"टाकून देणार होते," ती म्हणाली. "पण धीर झाला नाही. आई शेवटच्या दिवसांत सगळं सांगून गेली. म्हणाली, त्यांना कळू देऊ नकोस, ते सहन करू शकणार नाहीत."

सोनदादांनी बासरीला हात लावला नाही.  "माझ्या हातात चांदी. आणि मी तुझी चांदी म्हणून..."

"असू द्या बाबा." तिने खाली बसून त्यांचे दोन्ही हात धरले. "कान चुकतो माणसाचा. इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या आवाजातच काही नाही. आईने सांगितलं तेव्हा कळलं, तुमचा कान चुकला होता. मला तेवढं पुष्कळ झालं."

केस इथे मिटली होती. तक्रार मागे घ्यायला लावून बाई निघू शकल्या असत्या, आणि निघावं असं त्यांना फार वाटलं. पण या घरात आईने मायेपोटी लपवलं, लेकीने मायेपोटी चोरलं, आणि दोन्ही वेळा भुर्दंड या एकाच मुलीला पडला होता. आता तिसऱ्यांदा तो पडू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

"एक गोष्ट उरली," त्या म्हणाल्या. "दादा, स्वतःच्या ओठाला लावलेली चांदी तुम्हाला आजवर ओळखू आली नाही. मग सभागृहात लांब बसून, पडद्यामागची चांदी पहिल्या ओळीत कशी ओळखू आली?"

सोनदादांनी पेटीचं झाकण लावून टाकलं.

"तुम्ही निवडलंत ते यांना." बाईंनी दोन नंबरकडे बोट केलं. "सांगा, त्या दिवशी तुमची बासरी कशाची होती?"

"चांदीची," दोन नंबर पुटपुटला. आपण काय बोललो ते त्याला बोलल्यावर कळलं, आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

"चांदी नाकारून चांदीच निवडली. तेव्हा धातू तुम्हाला ऐकूच आला नव्हता, दादा. पडद्यामागे कोण आहे ते कळलं होतं. तिची बासरी चांदीची आहे हे तुम्हाला घरातूनच माहीत होतं. नको म्हणायला ते कारण हाताशी होतं."

मुलीने हात सोडले नव्हते. "बाबा?"

"लोक काय म्हणाले असते?" सोनदादांचा आवाज फुटला. "बापाने लेकीला चिकटवलं म्हणाले असते. जन्मभर तुला तेच ऐकावं लागलं असतं."

"पडदा त्यासाठीच असतो, बाबा."

"पडद्याने काय होतं? तू श्वास घेतलास आणि मला कळलं. लहानपणापासून ऐकतोय मी तुझा श्वास."

 शाळेतल्या मुलांशी बोलत असावी तितक्या हळू तिने विचारलं, "मी कशी वाजवली होती?"

"सगळ्यांत चांगली." म्हातारा आता उघड रडत होता. "त्या दिवशी तुझ्या जवळपास कुणी नव्हतं. आज तू वाजव. माझ्या जागी बस. मी सगळ्यांना सांगतो, मी स्वतः सांगतो."

"ओठ गेले माझे, बाबा. फुंकर धरत नाही आता. रियाज सोडून किती वर्षं झाली."

तिने त्यांचे हात त्यांच्याच मांडीवर ठेवले, गोळी काढून तळव्यावर दिली, ते गिळेपर्यंत थांबली आणि उभी राहिली. बाईंनी कडी काढून दिली.

"तुम्ही नाकारलंत त्याचं काही नाही," दारात वळून ती म्हणाली. "घरी येऊन एकदा कानात सांगायचं होतंत, छान वाजवलंस म्हणून. मी कुठेही वाजवत राहिले असते."