पेडलवरचा पाय

राळेगावहून यवतमाळला व्हायब्राफोन न्यायचा म्हणजे छोटा हत्ती टेम्पो लागतोच. त्या रविवारी दुपारी मैत्रेयीने वाद्याच्या धातूच्या पट्ट्या चादरीत गुंडाळल्या, खालच्या नळ्या गादीवर निजवल्या आणि त्यांना धरून स्वतः मागे बसली. ट्रम्पेट वाजवणारा धम्मरत्न पुढे ड्रायव्हरजवळ, ड्रमवाला लखन तिच्या शेजारी. कळंबला चहा झाला. उकंडाबाबांशिवाय त्यांचा हा पहिलाच कार्यक्रम होता.

उकंडाबाबा तरुणपणी राळेगावातून कलकत्त्याला गेले, तिथल्या हॉटेलांत जन्मभर जॅझ वाजवत राहिले आणि म्हातारपणी हे वाद्य घेऊनच गावी परतले. लग्नाच्या बॅण्डमधली पोरं त्यांनी गोळा केली. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये, सरकीच्या जुन्या तेलकट वासात, दर रविवारी सराव चाले. एकाने सूर टाकायचा, दुसऱ्याने तो झेलायचा. पुढे काय येणार ते कोणालाच ठाऊक नसायचं. मैत्रेयीला त्यांनी आपल्या वाद्यापाशी उभं केलं. अनवाणी. लोकर गुंडाळलेल्या काड्यांनी पट्ट्या वाजवायच्या. पायाखालचं पेडल दाबलं की सूर रेंगाळतो, सोडलं की विझतो. तिचे हात वर्षभरात तयार झाले, पाय मात्र वळेना. सुरांत सूर मिसळून नुसता चिखल व्हायचा.

बाबा एवढंच म्हणायचे, "तुले वाजवता येते, पोरी. थांबवता नाही येत."

हिवाळ्यात बाबा गेले. त्यानंतर मैत्रेयीने वाजवणं सोडायचंच ठरवलं होतं. पण बाबांच्या पत्नी इंदूबाई स्वतः शेडवर आल्या, वाद्यावरची धूळ पदराने पुसली आणि हे आता तुझंच म्हणाल्या. मग तिला नाही म्हणवेना.

यवतमाळच्या सभागृहात संध्याकाळी बरीच माणसं जमली. पहिल्या रांगेत इंदूबाई, पांढऱ्या लुगड्यात. सुरुवातीच्या दोन रचना बऱ्या झाल्या. तिसरी बाबांची स्वतःची, संथ. तिच्या मध्यावर सगळ्यांनी थांबायचं आणि मैत्रेयीने एकटीने वाजवायचं. सरावात ती दर वेळी तिथेच अडायची. धम्मरत्नने ट्रम्पेट खाली घेतलं आणि वीज गेली.

खिडक्यांवर जाड पडदे होते. काळोख असा दाट, की हातातल्या काड्याही दिसेनात. छताचे पंखे घरघरत थांबले. कोणीतरी खोकलं. मग तेही नाही.

"थांबू नको..." लखन मागून कुजबुजला.

तिने अंदाजाने काडी टेकवली. एक सूर उठला. तिचा पाय पेडलवर गेला, आणि तळव्याखाली पेडल लागलंच नाही. तिथे दुसरा पाय होता.

अनवाणी, हाडकुळा, विहिरीच्या तळच्या दगडासारखा गार. पेडल दाबून तो स्थिर होता. मैत्रेयीच्या अंगावर सरसरून काटा आला. पाय काढावा तर तो हलेना. कुठूनसा शिळ्या मोगऱ्याचा वास आला. सूर काळोखात लांबत गेला, लांबत गेला... आणि विरायच्या नेमकं आधी तो पाय तिच्या पायासकट वर उचलला गेला.

शांतता पडली. अशी शांतता तिने आजवर कधी वाजवली नव्हती.

मग तिने दुसरा सूर दिला. खालच्या पायाने तो धरला, तोलला, सोडला. भीती गेली नव्हती. पण भीतीच्याही वर काहीतरी चढत होतं. देवळाच्या गाभाऱ्यात नाही, बुद्धविहाराच्या पायरीवर नाही, कुठेच तिचं मस्तक आजवर असं झुकलं नव्हतं. हात तिचे होते आणि काळोखात कोणीतरी तिला चालायला शिकवत होतं. धम्मरत्नने हलकेच ट्रम्पेट मिसळलं, लखनचे तारांचे ब्रश ड्रमवर फिरू लागले. कोणाला कोणी दिसत नव्हतं, तरी एकही जण चुकला नाही.

शेवटचा सूर विझला तेव्हा दिवे आले. पेडलवर तिचा एकटीचा पाय होता. लोक बराच वेळ टाळ्या वाजवायचंच विसरले, आणि मग उभे राहिले.

सामान टेम्पोत चढत असताना ती इंदूबाईंजवळ गेली.

"काकू, बाबा आलते... पेडलवर त्यायचाच पाय होता."

इंदूबाईंनी तिचा हात धरला. विचारलं, "जोडवं लागलं का तुह्या पायाले?"

मैत्रेयीने आपल्या पायाकडे पाहिलं. तळव्याला काहीतरी गोल, टणक टोचलं होतं खरं. पेडलचा स्क्रू असेल असं तिला वाटलं होतं.

इंदूबाई हळू आवाजात सांगू लागल्या. बाबांनाही तो पाय लागायचा. कलकत्त्यात, नवशिके असताना, पहिल्यांदा लागला तो जन्मभर. कोण आहेस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर ती येणार नाही, याचं भय वाटायचं.

"आजारी पडल्यावर म्हनत," इंदूबाई थांबल्या, "मी गेलो की ते बाई कोनाकडे जाते, मालूम नाही..."

पुढच्या रविवारी शेडमध्ये सराव होता. स्वच्छ ऊन, पत्र्यावर कबुतरांची खुडबुड. धम्मरत्नने बोटांनी ताल धरला. मैत्रेयीने काड्या उचलल्या आणि खाली पाहिलं.

तिचे दोन्ही पाय अजून फरशीवरच होते. पेडल आधीच खाली गेलेलं होतं.