ह्यांचं ऑटोमॅटिक घड्याळ

आमच्या ह्यांचं घड्याळ ऑटोमॅटिक होतं, पण त्याचे लाड हातानेच चालत. सुट्टीत काढून ठेवलेलं असलं की कामावर जाण्याआधी वीस वेळा चावी फिरवायची, मऊ फडक्याने काच पुसायची, रेडिओजवळ ठेवायचं नाही. तीस दिवसांचा महिना संपला की एक तारखेला चहा घेता घेता तारीख पुढे सरकवायची. "तीस-एकतीस त्याला कळत नाही गं," हे म्हणत. माझ्या वाढदिवसाची आठवण मात्र ह्यांना शेजारच्या प्रमिलावहिनी करून देत.

जानेवारीत हे गेले. कारखान्यातच, छातीत कळ येऊन. पिपलानीत, कारखान्याच्या टाउनशिपमधल्या क्वार्टरमध्ये मी आणि ते घड्याळ उरलो. मी ते फडताळात ठेवून दिलं. हातात नसलं की दीड-दोन दिवसांत बंद पडतं, हे मला ठाऊक होतं. तेराव्यानंतर पाहिलं, तर चालू होतं.

मी शाळेत गणित शिकवते. बाहेरून ट्रक जातात, फडताळ हलतं, असं उत्तर काढलं आणि घड्याळ पितळी डब्यात, जुन्या सुती साडीच्या चार घड्यांवर ठेवलं. आठ दिवसांनीही चालूच. शेवटी जवाहर चौकात रमेश घड्याळजीकडे नेलं. त्याने भिंग लावून आत पाहिलं.

"मॅडम, चाबी तो फुल है. साहब रोज पहनते होंगे ना?"

मी हो म्हणाले.

एक मार्चला डबा उघडला. फेब्रुवारी अठ्ठावीसचा, घड्याळात एकोणतीस दिसायला हवी होती. एक दिसत होती. ट्रकने तारीख बदलत नाही. मी तिथेच खाली बसून रडले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

एप्रिलमध्ये क्वार्टर सोडावं लागलं. नेहरू नगरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी घड्याळ बंद. मी चावी भरली, दोन दिवसांनी पुन्हा बंद. टाउनशिपबाहेर हे माझ्याशिवाय कधी गेले नव्हते. भाजीला पाठवलं तरी रस्ता चुकायचे. त्यांना हे घर सापडणार कसं?

शनिवारी शाळेतून परस्पर पिपलानीला गेले. आमच्या दाराला कुलूप होतं. आसपास कोणी नाही असं बघून हळूच सांगितलं, "अहो, नेहरू नगर. जवाहर चौकात बस बदलायची. पिठाच्या गिरणीसमोर, दुसरा मजला."

मागे प्रमिलावहिनी उभ्या होत्या. "कोणाशी बोलताय?"

"ह्यांना पत्ता देत होते."

वहिनींनी मला घरात नेऊन पाणी दिलं.

रविवार, सोमवार घड्याळ बंदच होतं.

मंगळवारी दुपारी शाळेतून आले, डबा उघडला. चालू होतं. वेळ बरोबर होती. पट्टा हातात घेतला तर कोमट, जरासा ओलसर.

तेवढ्यात घरमालकांची सून शोभा खालून वर आली.

"काकू, काका बाहेरगावी होते का? आत्ता जिन्यात बसले होते, छातीवर हात धरून. मी म्हटलं पाणी देते, तर म्हणाले, नको, पोचलो एकदाचा. फक्त दुसरा मजला झेपत नाही आता."

मी पदराने घड्याळाची काच पुसली.

"शोभा, तुमची तळमजल्याची खोली रिकामी होणार होती ना? ती आम्हा दोघांना द्या."