मोहटोल्याचा आकर्षगंध

धान्यरक्षण प्रयोगशाळेच्या पडद्यावर सात गावे होती. सहा हिरवी, एक लाल. लाल गाव मोहटोला, म्हणजे डॉ. चित्ररेखा शहारेच्या मावशीचे गाव.

"सहा गावांत साठवलेल्या धानाची नासाडी बारा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर!" डॉ. पोंक्षे खुशीत म्हणाले. प्रकल्प त्यांचा, आणि चित्ररेखा त्यांची दहा वर्षांची लाडकी विद्यार्थिनी. "बुधवारी मंत्रालयात हेच दाखवायचं. देशभर जाईल बघ."

"आणि मोहटोल्यात एकतीस टक्के कसे, सर? तिथं आपण दिवाळीत फक्त मोजणीच्या डब्या ठेवल्या होत्या."

पोंक्षे चष्मा पुसू लागले. अडचणीचा प्रश्न आला की त्यांच्या चष्म्यावर हमखास धूळ बसे.

"सोंडकिडा धान शोधतो वासानं. आपल्या गंधलोपकानं सहा गावांतल्या धानाचा वास दडवला. पण त्यानं किडा मरत नाही. उपाशी किडा भटकत राहतो आणि वासाशिवायही कधीतरी कणगीत शिरतोच. त्याला दुसरीकडे कुठंतरी जेवायला बोलवावंच लागतं."

"डब्यांत काय होतं?"

"गंधकिण्व. धानावर वाढतं आणि आकर्षगंध सोडतं. दोन कोसांवरून किडा ओढला जातो. माणसाला काही अपाय नाही. एका गावाच्या बदल्यात सहा गावं, चित्रा! सौदा वाईट नाही."

तिला आठवले. 'तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवील असं एखादं गाव सुचव,' असे सरांनीच म्हटले होते, तेही पाठीवर हात ठेवून. केसाने गळा कापतात तो असा. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुपारीच ती मोहटोल्याला पोचली. भागरथामावशी अंगणात धान पाखडत होती. सुपात धानापेक्षा किडेच जास्त वळवळत होते. पावसाळा सरेपर्यंत गावाला हेच खायचे होते. चित्ररेखाने उभ्या उभ्याच सगळे सांगून टाकले.

"मोजाले ठेवतो म्हन्लीस नं, बाई?" मावशीने सूप खाली ठेवले. "आपली पोरगी हाये, कणगीत ठेवू द्या, असं मीच तं घरोघर सांगून आली."

"मलाही फसवलं गं, मावशी."

"तुले त्यायनं फसवलं, अन् तू आमाले. आता आमी कोनाले फसवाव?"

चित्ररेखाने सुपातले मूठभर धान उचलून पाहिले.

"या फाल्गुनात गावातल्या किती मुली उजवल्या?"

"नऊ. सगळ्या जवळपासच दिल्या. त्या तुह्या सहा गावात."

"ओटीत धान दिलं?"

"देनार नाही तं काय? माहेरचं पायलीभर धान सासरच्या कणगीत मिसळल्याबगर नवी नवरी चुलीले हात तरी लावते का?"

चित्ररेखाने मनाशी हिशेब मांडला. गंधकिण्व धानावर वाढते. एका पायलीतून अख्खी कणगी, त्या कणगीतून शेजारची. गंधलोपकाने दडवलेला वास त्या नऊ घरांतून पुन्हा सुटणार, आणि महिन्याभरात सातही गावे लाल होणार. पोंक्षेंनी सोंडकिड्याचा वीस वर्षे अभ्यास केला होता. धान गावातून गावात कसे जाते, हे मात्र त्यांनी एकाही बाईला विचारले नव्हते. आणि चित्ररेखाला तर ते ठाऊकच होते, पण डब्यांत नुसती मोजणीची यंत्रे आहेत असेच ती समजून चालली होती.

तिने हे सांगितले तेव्हा मावशीला गावांच्या रंगाचे काहीच वाटले नाही. तिला पोरी दिसल्या.

"सून घरात आली अन् कणगीत किडा पडला," ती हळू आवाजात म्हणाली. "पांढऱ्या पायाची म्हनतीन त्याइले. जलमभर म्हनतीन."

"मी जाते, मावशी. नऊही घरी जाऊन सांगते, दोष आमचा आहे म्हणून."

"जाय." मावशीने सूप पुन्हा हातात घेतले. "पन माही भाची हाये, असं कोनाले सांगू नोको."