मानेवरची चीर

ताईच्या दागिन्यांच्या कारखान्यामागचा पाइप तुंबला, म्हणून तिने धाकट्या भावाला बोलावलं. भाऊ गवंडी. सगळे त्याला रेडिओ म्हणत, कारण घमेलं डोक्यावर असतानाही त्याचं तोंड चालूच. आई गेल्यावर ताईनेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं. वरवर ती त्याच्या बडबडीवर करवादायची, पण तो घटकाभर गप्प बसला तरी तिच्या जिवाची घालमेल व्हायची.

खणता खणता पहार खणकन आदळली. मातीचं तोंडबंद मडकं निघालं आणि आत सोन्याची नाणी. प्रत्येकावर एका बाजूने दिसणारा चेहरा, नाक उजवीकडे. आणि प्रत्येकाच्या मानेवर छिन्नीचा खोल घाव.

ताईने संग्रहालयात फोन लावला. तिथल्या बाई म्हणाल्या, "रोमन असणार. कोणत्यातरी बादशहाची. मी उद्या येते, तोवर हात लावू नका."

"बादशहाचा गळा का चिरला असेल गं?" ताईने फोन ठेवताच भाऊ म्हणाला. "बायकोपुढे तोंड उघडलं असणार बिचाऱ्याने."

तो चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर बसला आणि खोऱ्या-फावड्यांशीच गप्पा मारू लागला. इकडे ताईचे हात शिवशिवत होते. मोडकं सोनं तिला बघवत नसे. एकाच नाण्याने काय बिघडतंय, असं म्हणून तिने एक उचललं, चिरेत सोन्याचा कण ठेवला, ज्योत फिरवली आणि घासून पुसून घेतलं. मान अखंड झाली. घाव कुठे होता ते तिला स्वतःलाही सापडेना.

बाहेरची बडबड वाक्याच्या मधोमध थांबली.

ती धावली. भाऊ गळा धरून बसला होता. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता. तिने त्याचा हात बाजूला केला. मानेवर आडवी सरळ चीर होती, आणि रक्ताचा टिपूस नाही.

तेवढ्यात मागे, रिकाम्या कारखान्यात, कुणीतरी खाकरलं. ओल्या मातीचा वास आला. मग हळू आवाजात कुणी बोलू लागलं. भाषा तिने कधीच ऐकली नव्हती. आवाज मात्र तिच्या भावाचा होता.

आपण काय करतोय याचा विचार करायला ती थांबलीच नाही. आत धावत जाऊन तिने नाणं ऐरणीवर ठेवलं, त्याच मानेवर छिन्नी धरली आणि हातोडा मारला. खोलीतला आवाज तुटला.

"ताई..." बाहेरून हाक आली. "झालं काय गं? चहा निवला माझा."

तिला रडू फुटलं. मग डोळे पुसत बाहेर आली. त्याची मान स्वच्छ होती. तो पायरीवर तिरका बसून भिंतीकडे बघत बोलत होता, पूर्वीसारखंच, घडाघडा.

"इकडे बघ ना माझ्याकडे."

"बघतोय की."

नाक उजवीकडे होतं. ती त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेली. तिथूनही नाक उजवीकडेच.

भिंत चाचपत ती आत आली. ऐरणीवर नाणं होतं. त्यावरचा चेहरा आता एका बाजूने दिसत नव्हता. तो सरळ तिच्याकडे बघत होता. उघड्या तोंडात पुढचा दात अर्धा तुटलेला होता. लहानपणी भाऊ झोपाळ्यावरून पडला, तेव्हा तुटला होता तसाच. आणि त्याखाली, मानेवर, तिने स्वतःच्या हाताने घातलेला घाव.

ताईने ज्योत पेटवली. चीर पुन्हा बुजवायची, एवढंच तिला सुचत होतं. दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं, एका बाजूने.

"ते एक राहू दे गं ताई," तो तिच्या भावाच्या आवाजात म्हणाला. "बाकीच्यांच्या बुजव... फार दिवस झाले, गप्प आहेत बिचारे."