एक-तीन-चार-दोन

“हा नट तुम्ही दातांनी खोलायला गेला होता काय?” मोबाइलमधला फोटो मोठा करत संध्याने विचारलं.

काउंटरपलीकडचा उंच माणूस लाजला. कोपरापर्यंत ग्रीस, पायात मात्र ऑफिसचे चकचकीत बूट.

“अकराचा पाना लावला होता... जवळजवळ बसला होता.”

“जवळजवळ बसला म्हणूनच तर गोल झाला. जुनी विलायती गाडी ना? तिला इंची पाना लागतो.”

संध्या भोईर करावे गावात होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची. दुकान वडिलांचं, हिरामण भोईरांचं. गेली सहा वर्षं मात्र तीच चालवत होती. तिच्या हाताखालून गेलेलं इंजिन खाडीत बंद पडत नाही असं गावात म्हणत, आणि संध्यालाही ते मान्य होतं.

उंच माणसाचं नाव आशुतोष. राहायला जवळच्याच सीवूड्सच्या एका सोसायटीत, नोकरी कॉम्प्युटरवरची. मामा जाताना त्याच्यासाठी साठ सालातली एक लाल, दोन सीटची स्पोर्ट्स कार ठेवून गेला होता. चार मेकॅनिकांनी हात जोडले, तेव्हा भाच्याने व्हिडिओ बघून स्वतःच कंबर कसली. त्या दिवसापासून गाडीचे हाल कुत्रं खाईना.

“पाना न्या,” संध्या म्हणाली. “परत न्यायला मीच येईन रविवारी. तुमच्या हातात माझं सामान जास्त दिवस ठेवायची हिंमत नाय.”

रविवारी ती गेली. पाना परत मागायला विसरली. पुढच्या रविवारीही विसरली, आणि तोवर ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं. एकदा कार्बोरेटरची स्प्रिंग त्याच्या बोटांतून उडाली. दोघांनी पार्किंगची फरशी तासभर पालथी घातली, आणि स्प्रिंग सापडली ती संध्याच्या वेणीत. काढायला त्याला जरा जास्तच वेळ लागला. तिनेही घाई केली नाही.

त्याची अट एकच होती. तिने हत्यारं द्यायची, पण गाडीला हात लावायचा नाही आणि काही सुचवायचं नाही.

“असं का पण?”

“गिटार अर्धवट, पोहणं अर्धवट, जर्मनचा क्लास अर्धवट. हे एक तरी काम मला पूर्ण करायचंय, संध्या.” मग चिंधीने हात पुसत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “आणि गाडी चालू झाली ना... की तुला एक विचारायचंय.”

काय विचारायचंय ते न कळायला संध्या काही कुकुलं बाळ नव्हती. तिने शब्द दिला.

आणि तिथेच फसली. कारण पुढच्याच रविवारी त्याने प्लगच्या चारही वायरी काढून लख्ख पुसल्या, प्रत्येकीवर नंबराचं स्टिकर चिकटवलं आणि ओळीने परत बसवल्या, एक-दोन-तीन-चार. इंजिन काही शाळेत हजेरी देत नाही. त्याचा ठिणगी पडायचा क्रम एक-तीन-चार-दोन. संध्याला लांबूनच दिसलं. चावी फिरली, गाडी खोकली, फाट्‌कन बार काढला आणि गप्प झाली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. संध्याने तोंड मिटून घेतलं.

असे तीन रविवार गेले. चौथ्याच्या आदल्या दिवशी आई, म्हणजे सखूबाई, कोळंबी सोलता सोलता म्हणाली, “उरनची मंडली येतान पुढच्या आयतवारी. पोरगा नोकरीला हाय. तुजा नकार आयकून कान किटलं माजं. या टायमाला कारन सांग.”

कारण होतं. लाल गाडीखाली उताणं पडलेलं असायचं. पण आईला सांगणार काय? एक माणूस आहे, मला तो फार आवडतो, पण त्याने अजून विचारलेलं नाही? संध्याला रात्रभर झोप लागली नाही. तिला तोच हवा होता, दुसरा कुणी नको होता.

सकाळी ती पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली.

“पुढच्या रविवारी मला बघायला येतायत.”

आशुतोष गाडीखालून बाहेर आला. चेहरा पांढराफटक. “मला... आजचा दिवस दे. गाडी—”

“गाडीचं नाव काढू नको. तीन वायरींच्या जागा बदलायच्यात, बस. तीन रविवार झाले, मला दिसतंय. शब्द दिला होता म्हणून गप्प बसले.”

तो चकित होईल असं तिला वाटलं होतं. तो खाली बघत राहिला.

“दोन रविवार... मलाही दिसतंय.”

पाना त्याच्या पायावर टाकावा असं संध्याला मनापासून वाटलं. “मग बदलल्या का नाय?”

“गाडी चालू झाली की विचारायचं, असं मीच बोलून बसलो. तू नाही म्हणालीस, तर तुझं इथे काय काम उरलं असतं? बंद होती तोवर... तू येत तरी होतीस.”

तिचा राग होता तिथेच विरघळला.

“इंजिनं बघायची असती तर माझ्या दुकानात अकरा पडलीत. तुला बघायला येत होते, वेड्या.”

बॉनेट उघडून त्याने तीन वायरी बदलल्या. मग गाडीत बसून चावीला हात घातला, तसा तिने खिडकीतून वाकून त्याच्या हातावर हात ठेवला.

“आधी विचार. नंतर आवाजात उत्तर ऐकू आलं नाय म्हणशील.”

“माझ्याशी लग्न करशील? मी कामं अर्धवट टाकतो, हे तुला...”

“माहितेय. हो.”

चावी फिरली. गाडी एकदा खोकली आणि मग अशी गरजली, की पार्किंगचं छप्पर दणाणलं. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली. आशुतोष छाती फुगवून खाली उतरला आणि त्याने पलीकडचं दार तिच्यासाठी उघडून धरलं. “चल. तुझ्या आईला आत्ताच सांगू.”

संध्याने गाडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. “ब्रेक कुणी बसवलेत?”

“मीच.”

“मग चालत जाऊ,” असं म्हणून तिने त्याचा ग्रीसने माखलेला हात घट्ट धरला आणि करावेचा रस्ता धरला.