इंजिनावर फोडलेला नारळ

डॉक्टर भार्गवीला राग आला, की जानेफळच्या जनावरांच्या दवाखान्यात मारका बैलसुद्धा मुकाट उभा राहायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र तिचा राग ऐकायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी होती... पण ती ऐकतच नव्हती.

अमडापूरच्या अलीकडच्या वस्तीवर भिमाबाईची म्हैस अडली होती. पारडूचा एक पाय आत मुडपलेला होता आणि म्हातारी फोनवर रडत होती. घरात तेवढी एकच म्हैस. आणि इकडे भार्गवीची गाडी चढावर उचक्या देत होती, थरथरत होती, समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा डोळे मिचकावत होता. शेवटी बाभळीखाली तिनं ती उभी केली आणि दार आदळलं.

तेवढ्यात मागून एक मोटारसायकल आली. सौमित्र. परवाच ज्याच्या गॅरेजात तिनं ऑइल बदलायला गाडी टाकली होती, तो. कुणाचा तरी बंद पडलेला ट्रॅक्टर बघायला निघाला होता, पाठीवर पान्यांची पिशवी होती. भार्गवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एरवी ती शुद्ध पुस्तकी बोलायची. रागावली की मेहकरची बोली जिभेवर यायची.

"तुमच्या हातून गाडी गेली अन् बिघडली. काय केलं तुमी तिले?"

"ऑइल बदललं," तो शांतपणे म्हणाला. "माह्या कामात खोट नसते, मॅडम. काऊन चिडून राह्यल्या?"

ती आणखीच चिडली. जिल्हाभर ती ज्याला त्याला भाऊ म्हणायची. कंपाउंडरला, दूधवाल्याला, थेट सरपंचांनाही. यालाच तेवढं कधी नाही... का, ते तिनं स्वतःला विचारलं नव्हतं. विचारायला सवड कुठे होती? हा भेटला की भांडण व्हायचं.

त्यानं बोनेट उघडलं, इंजिन सुरू ठेवलं आणि ठिणगी देणाऱ्या चार कॉइलांच्या वायरी एकेक करून काढून पुन्हा लावायला घेतल्या. पहिली काढली, इंजिन आणखी अडखळलं. दुसरी काढली, तेच. तिसरी काढली... काहीच फरक पडला नाही.

भार्गवीला लगेच उमगलं. गाईचा कोणता सड आटला ते ती अशीच एकेक पिळून शोधायची. "तिसरं सिलिंडर मेलं," ती म्हणाली. "आधीपासूनच बंद होतं, म्हणून फरक पडला नाही."

"हाव. तीन नंबर." त्यानं तिच्याकडे पाहिलं. नको तेवढा वेळ पाहिलं. "हुशार आहे तुमी."

"म्हैस मरून राह्यली तिकडे. हात चालवा."

त्यानं इंजिन बंद केलं आणि तिसरी कॉइल उपसली. तिची रबरी टोपी चिरलेली होती आणि खाली, प्लगच्या खोल खड्ड्यात, पाणी साचलं होतं. कॉइलला नारळाच्या शेंडीचा एक धागा चिकटून आला होता. कुंकवानं लाल झालेला.

सौमित्रनं तो धागा बोटांनी उचलला. इतका वेळ ताठ असलेली मान खाली गेली.

"नारळाचं पाणी?" भार्गवीनं वास घेतला. "इंजिनात?"

"आदी गाडी चालू करू," तो पुटपुटला. "मंग बोला काय बोलायचं ते."

तिनं आपली पेटी उघडली. लांब चिमटा आणि कापूस काढून त्याच्या हातात जवळजवळ मारलाच. बोळ्यामागून बोळा घालून त्यानं खड्डा कोरडा केला, प्लग काढून पुसला, चिरलेल्या टोपीला तात्पुरती चिकटपट्टी गुंडाळली. किल्ली फिरवली तसं इंजिन एका लयीत चालू लागलं. वाटेत गाडी पुन्हा अडली तर म्हणून तो शेजारी बसला. वस्ती येईपर्यंत तिचा राग गाडीत तिसऱ्या माणसासारखा बसून होता.

म्हशीनं घाम काढला. भार्गवीनं खांद्यापर्यंत हात घालून मुडपलेला पाय सरळ केला, सौमित्रनं दोर धरून ओढलं, आणि पारडू एकदाचं बाहेर आलं. शिंकलं. भिमाबाई रडत रडत हसली आणि गूळ आणायला आत पळाली.

सौमित्र तांब्यातून तिच्या हातावर पाणी ओतू लागला.

"आता बोला," ती म्हणाली.

"काल गॅरेजात पूजा केली. साऱ्या गाड्याइच्या बोनेटवर एकेक फूल ठेवलं. तुमच्या गाडीचं... बोनेट उघडलं. आतच नारळ फोडला. तुमी रातबेरात एकल्या फिरता. गाडीनं कुठी दगा देऊ नये म्हनून."

"अन् तिनं आजच दिला. पारडू गेलं असतं तर?"

"चुकलं माह्यं."

तिचे डोळे भरून आले आणि त्याचाही तिला राग आला. एवढी काळजी होती, तर ती माणसाला सांगायची. इंजिनाला सांगत बसणाऱ्याला काय म्हणावं?

"आजपासून मी तुमाले सौमित्रभाऊ म्हनीन."

तांब्या हवेतच थांबला. त्याचा चेहरा पार उतरला. म्हणजे ती त्याला कधीच भाऊ म्हणत नाही, हे त्याच्याही ध्यानात आलं होतं तर... इतके महिने.

"ते नका म्हनू," तो हळूच म्हणाला. "बाकी काय बी म्हना."

"काऊन नको?"

"तुमी आवडता मले. चिडता तवा बी."

"मी सदाच चिडते."

"हाव. मले मालूम आहे."

भार्गवीनं ओठ घट्ट मिटले, पण हसू काही ऐकेना. तिनं हात पुन्हा पुढे केले. "पाणी ओता. अन् हातावरच ओता, इंजिनात नको."

तो ओतत राहिला. हात कधीचेच स्वच्छ झाले होते. तिनं ते मागे घेतले नाहीत.