बाकावरची माणसं

मला सांगा, विश्वास कुणावर टाकावा? डोळ्यांवर, की फिल्मवर? घाई नको, बसा. जुना डेव्हलपर मागायला आलात, तर त्या बाटलीची गोष्ट ऐकूनच न्या. माल कसा आहे ते गिऱ्हाइकाला आधी सांगायचं, एवढं एक शिक्षण मी या फोटो-सामानाच्या दुकानात बसून घेतलं. शाळेशी माझं फारसं पटलं नाही.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक स्टुडिओ होता. मालकांना सगळे हसामास्तर म्हणत. कॅमेऱ्यामागून 'हसा' म्हणायची इतकी सवय, की दातदुखीने गाल सुजलेल्या माणसालाही एकदा म्हणाले, आणि तो बिचारा हसलाही. मास्तर फिल्म धुवायचा डेव्हलपर कधी फेकत नसत. वापरून झाला की पुन्हा बाटलीत, वर थोडा ताजा. विरजण राखावं तसा. "यानं सगळं गाव पाहिलंय," म्हणायचे. फिल्मवरची किंचित चांदी दर खेपेला त्यात उतरते आणि काळसर गाळ होऊन तळाशी बसते. म्हणून बाटली अलगद तिरपी करायची, वरची निवळ तेवढी घ्यायची, तीही कापसातून गाळून.

मास्तर अचानक गेले. त्यानंतर एका दुपारी मी फोटोच्या कागदाचे खोके स्टुडिओत पोचवायला गेलो, तर त्यांची लेक कॅमेरा मांडीवर घेऊन बसलेली.

"काका, यात बाबांचा शेवटचा रोल आहे. धुऊन द्याल? मला यातलं काही येत नाही. त्या अंधाऱ्या खोलीत ते कुणाला येऊ द्यायचे नाहीत."

"काय आहे त्यात?"

"त्यांचा एकही फोटो नाही हो आमच्याकडे. जन्मभर कॅमेऱ्यामागे! त्या दिवशी मी हट्टच धरला. मला बाकावर बसवलं, टायमर लावला, 'आलोच' म्हणत धावले… खटका पडला तेव्हा ते बसले होते की नाही, खरंच आठवत नाही."

मी अंधाऱ्या खोलीचं दार लावलं. बाहेर भर उन्हात रस्ता गजबजलेला, आणि आत स्वतःचा हात दिसेना. आंबूस वास. नळाची टिपटिप. चाचपडत फिल्म डब्यात भरली, झाकण घट्ट केलं, दिवा लावला आणि तिला हाक मारली, "ती मोठी बाटली दे गं."

घाईत मी कापूस लावायला विसरलो; डेव्हलपर डब्यात गेला, आणि मग ती म्हणाली, "चांगली हलवून दिलीय हं, काका."

खोकल्याच्या औषधासारखी! वर्षानुवर्षांचा गाळ फिल्मवर गेला होता. आता परत ओतण्यात अर्थ नव्हता.

फिल्म धुऊन दिव्यासमोर धरली. शेवटच्या चौकटीत बाकावर ती, आणि तिच्या शेजारी… काळ्या कणांचा एक माणूस. खांदे, मान, किंचित कललेलं डोकं. गाळ पडतो तो वाटेल तिथे पडतो. हा जागा शोधून बसला होता.

"बाबा…" ती पुटपुटली.

मी गप्प राहिलो असतो तर चाललं असतं. पण माल जसा तसा. "पोरी, हा गाळ आहे. ओल्या कापसाने निघेल."

तिने फिल्मच्या अगदी जवळ डोळे नेले. मग म्हणाली, "पुसा. बाबा असतील तर राहतील."

मी हलक्या हाताने पुसलं. माणूस गेला. उरला रिकामा बाक, आणि चौकटीच्या कडेला धावणारा एक बूट.

"पोचलेच नाहीत," ती म्हणाली. रडता रडता हसली. "कुठेच वेळेवर पोचायचे नाहीत. तेवढा बूट तरी छापून द्या, काका."

कागदासाठी ताजं औषध कालवलं. लाल दिव्याखाली, पसरट भांड्यात कागद बुडवला. आधी तिचे केस आले, मग चेहरा, मग बाक. मग… शेजारी मास्तर आले. हसत, धाप लागल्यासारखे. कडेचा धावता बूट होता तिथेच.

मी फिल्म पुन्हा उजेडात धरली. बाक रिकामा.

तिला फिल्मशी काय करायचं होतं! ओला कागद तिने छातीशी धरला. "आणखी एक काढा ना. मावशीला देते."

दुसऱ्या प्रतीत ती होती, मास्तर होते, आणि मास्तरांच्या पलीकडे आणखी कुणीतरी. पाठमोरं.

"हे कोण, काका?"

मी कागद लाल दिव्याजवळ नेला.

"असं पाठ करून का बसलंय?"

मी दिवा मालवला. पहिली प्रत तिने ठेवली. दुसरी, फिल्म आणि बाटली माझ्या हाती दिली. "घरात नको," एवढंच म्हणाली.

तिसरी प्रत मी एकट्याने काढली. तेव्हा बाकावर जागा उरली नव्हती, आणि ते पाठमोरं माणूस थोडं इकडे वळलं होतं.

बाटली मोरीत ओतायला कितीदा तरी उचलली. पण कुणाकुणाला ओतायचं, सांगा? तुम्ही न्या, पैसे नकोत. वरची निवळ घ्या, कापसातून गाळा, हवी तितकी चित्रं काढा. फक्त कॅमेऱ्यासमोर किती बसले आणि कागदावर किती आले, याचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा.